एक शब्द, चार परवाने

अँड्रॉइड फोनवर ‘दऱ्या’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर उमटण्याआधी तो अनेकांच्या कामातून जातो. अक्षरांचे आकार बऱ्याच फोनांवर नोटो या फाँटमधून येतात. ‘ऱ’ कुठे अर्धा करायचा आणि पुढच्या ‘य’ला कसा जोडायचा, हे हार्फबझ नावाची लायब्ररी पाहते. या दोघांना कामाला लावणारी अँड्रॉइड ही प्रणाली, आणि सगळ्यांच्या तळाशी लिनक्सचा कर्नल. या चारही गोष्टींचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे देता येतो. मात्र त्यांचे परवाने वेगवेगळे आहेत. फाँटला ओएफएल, हार्फबझला एमआयटी घराण्यातला एक जुना परवाना, अँड्रॉइडच्या बहुतांश भागाला अपाची २.० आणि कर्नलला जीपीएलची दुसरी आवृत्ती.

ओपन सोर्समध्ये पहिले पाऊल टाकू पाहणारे बहुतेक जण कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट शिकायला बसतात. माझ्या मते आधी परवाना वाचावा. गिट आठवडाभरात हाताशी बसते. पण कुठल्याशा देशातल्या, कधी न भेटलेल्या माणसाचे काम उघडून दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला आणि कोणत्या अटीवर दिला, हे कळले नाही तर पुढचे सगळे अंधारात चालते.

मूळ गोष्ट कॉपीराइटची. कोणी कोड लिहिला की त्याच क्षणी त्यावर कॉपीराइट लागू होतो. नोंदणी लागत नाही, सूचना छापावी लागत नाही. भारताच्या १९५७च्या कायद्याने संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्येच धरला आहे. कादंबरीला जी मुदत तीच त्याला, म्हणजे लेखकाची हयात आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून गिटहब या संकेतस्थळावर कोड दिसतो, उतरवून घेता येतो, एवढ्याने तो आपल्या कामात वापरण्याची परवानगी मिळत नाही. रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात, परवान्याची फाइल नसेल तर सर्व हक्क लेखकाने राखून ठेवले आहेत असेच समजावे. पुष्कळदा लेखकाच्या मनात तसे काही नसते, फाइल टाकायची राहून गेलेली असते. अशा वेळी ‘या कोडला कोणता परवाना आहे?’ एवढे नम्रपणे विचारावे. त्या प्रश्नामुळे परवाना जोडला गेला तर तेही योगदानच झाले.

परवाना म्हणजे मालकाने सर्वांना आगाऊ आणि लेखी दिलेली परवानगी. मालकी त्याने बदलत नाही. सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे राहते, शेतातून जायची वाट मात्र गावाला खुली होते, तसे हे आहे. ज्यांना ‘ओपन सोर्स म्हणजे कोणाचाच नसलेला कोड’ असे वाटते, त्यांची इथेच गफलत होते. कोणाचाच नसलेला कोडही असतो. एसक्यूलाइट हा फोनाफोनांत बसलेला डेटाबेस त्याच्या कर्त्यांनी सार्वजनिक मालकीत सोडून दिला आहे. पण असे प्रकल्प थोडे. बाकी सगळीकडे मालक आहे आणि त्याच्या अटीही आहेत.

या अटींची रीत रिचर्ड स्टॉलमन यांच्यापासून रुळली. त्यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभारले आणि १९८९ साली जीपीएलची पहिली आवृत्ती आली. ‘ओपन सोर्स’ हे नाव बरेच नंतरचे, १९९८चे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने दहा कलमांची व्याख्या ठरवली. त्यातली दोन कलमे नवख्यांना बुचकळ्यात टाकतात. कोणत्याही व्यक्तीला वा गटाला वगळता येत नाही, आणि कोणत्याही कामासाठीचा वापर रोखता येत नाही. त्यामुळे ‘फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी’ असे लिहिलेला कोड कितीही उदार हेतूने ठेवलेला असला तरी या व्याख्येत बसत नाही. ही भूमिका मला पटते. व्यावसायिक वापर कुठे सुरू होतो, याची रेघ कोणालाच नीट ओढता येत नाही. गावातल्या छपाईवाल्याने लग्नपत्रिकेसाठी वापरलेला फाँट कोणत्या बाजूला धरायचा?

आता त्या चार परवान्यांकडे वळू. हार्फबझचा परवाना सर्वात सोपा. वापरा, बदला, विका, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, आणि काही बिघडले तर आम्हाला जबाबदार धरू नका. एमआयटी आणि बीएसडी या परवान्यांचा गाभा हाच. ही अट प्रत्यक्षात कशी पाळतात ते आपल्या फोनवरच पाहता येते. सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत कायदेशीर माहितीचा भाग असतो, तिथे परवान्यांची लांबच लांब यादी उघडते. कोणी वाचत नाही असा तो मजकूर हजारो लोकांच्या नावांनी भरलेला आहे. मोबदल्यात त्यांनी एवढेच मागितले होते.

अपाची २.० हा २००४चा परवाना याच वळणाचा, पण वकिली नजरेने अधिक बांधीव. कोड देणारा आपल्या योगदानात येणाऱ्या पेटंटांचा वापरहक्कही देतो, आणि कोणी त्या कोडविरुद्ध पेटंटाचा दावा लावला तर त्याला मिळालेला पेटंटाचा हक्क संपतो. बदललेल्या फाइलींवर तशी नोंद करावी लागते. मोठ्या कंपन्यांना हा परवाना आवडतो याचे मुख्य कारण पेटंटाचे कलम.

जीपीएलची अट वेगळ्या जातीची. तुम्ही कोड बदला, विका, काहीही करा, पण तयार झालेली वस्तू दुसऱ्याच्या हाती दिलीत तर तिचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली त्याला मिळाला पाहिजे. ‘हाती दिलीत तर’ हे शब्द महत्त्वाचे. एखाद्या बँकेने कर्नल बदलून स्वतःच्याच सर्व्हरवर चालवला तर तिला काही उघड करावे लागत नाही. नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यांनाही ही अट लागावी म्हणून एजीपीएल हा वेगळा परवाना निघाला.

ही अट कागदावरच राहते का? लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरची हकिकत पाहावी. त्यात लिनक्स असल्याचे २००३ साली जाणकारांच्या लक्षात आले आणि सोर्स कोडची मागणी सुरू झाली. लिंकसिस तोवर सिस्को कंपनीने विकत घेतली होती. कंपनीने कोड दिला आणि त्याच्या पायावर पुढच्या वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज असंख्य मॉडेलच्या राउटरांवर तो चालतो. कंपन्यांनी ज्यांचे अपडेट थांबवले असे कितीतरी राउटर त्याच्यामुळे कामात राहिले. एका परवान्यातल्या एका अटीतून हे घडले.

फाँटसाठी मात्र जीपीएलमध्ये अडचण होती. पीडीएफमध्ये फाँट गुंफला जातो. मग तो अख्खा दस्तऐवज जीपीएलखाली येतो की काय, हा प्रश्न उभा राहायचा आणि त्यासाठी परवान्याला वेगळा अपवाद जोडावा लागायचा. एसआयएल या संस्थेतल्या व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोला स्पालिंजर यांनी खास फाँटसाठी ओएफएल लिहिला. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ची. फाँट कोणत्याही कामासाठी वापरा, बदला, सॉफ्टवेअरसोबत विका, पण नुसता फाँट एकटा विकू नका. बदललेला फाँट ओएफएलखालीच द्या. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फाँटला ते नाव लावू नका. आणि फाँट वापरून केलेल्या दस्तऐवजाला यातले काहीही लागू नाही. पुण्यात रेड हॅटच्या अभियंत्यांनी वाढवलेले लोहित फाँट आधी जीपीएलखाली होते, ते २०११ साली ओएफएलखाली आले. नोटोने २०१५ साली अपाचीकडून ओएफएलकडे असाच प्रवास केला. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू हे फाँटही ओएफएलखाली आहेत. मराठी वेबसाइटवर, पोस्टरवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे आकार रोज दिसतात.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. समजा एका ओएफएल फाँटमध्ये ‘दऱ्या’ लिहिले की ‘ऱ’ अर्धा होत नाही. ऱ, त्याच्या पायाला हलंत आणि शेजारी सुटा य, असे तीन तुकडे दिसतात. हिंदीपुरते तपासलेल्या फाँटमध्ये अशी उणीव सहज राहून जाते, कारण हिंदीला हा अर्धा ऱ जवळजवळ लागतच नाही. मराठीत तो नसेल तर ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ सगळेच मोडते. हे मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार आणि त्यानेच सांगायला हवे.

पहिले काम दोष कोणाचा ते ठरवणे. त्याच ॲपमध्ये फाँट बदलून पाहावा. दुसऱ्या फाँटमध्ये शब्द नीट दिसला तर दोष पहिल्या फाँटकडे झुकतो. मग तोच फाँट वेगळ्या ॲपमध्ये पाहावा. तिथे नीट दिसला तर ॲपकडे संशय वळवावा. टाइप काय झाले तेही तपासावे लागते, कारण हा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एक, युनिकोडमध्ये ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक असलेला ‘ऱ’ आणि हलंत. दुसरी, साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. एका रीतीने चालतो आणि दुसरीने मोडतो, असेही होते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसत नाहीत अशी तक्रार असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तरच मराठी वळण पुढे येते. भाषेची नोंद नसेल तर चूक वेबपानाची, फाँटची नव्हे.

यानंतर प्रकल्पाची रिपॉझिटरी शोधावी आणि रीडमी, परवाना व योगदानाच्या सूचना या तीन फाइली वाचाव्यात. मग जुने इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, चाळावेत, बंद झालेलेसुद्धा. हाच दोष कोणी आधी मांडला असेल तर तिथेच आपली माहिती जोडावी, नवा इश्यू उघडू नये. नवा उघडायचा झाल्यास त्यात फाँटची आवृत्ती, ॲप आणि प्रणाली, टाइप केलेली नेमकी अक्षरे, काय दिसते त्याचे चित्र आणि काय दिसायला हवे त्याचे चित्र द्यावे. शेवटचे चित्र सर्वात मोलाचे. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला देवनागरी वाचता येत असेलच असे नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा, दोन्ही एकसारखे दिसले तर वाक्य बदलते, एवढे दोन ओळींत सांगितले की दोषाचे वजन त्याच्या लक्षात येते.

चांगला इश्यू लिहून थांबले तरी चालते. अनेकांचे योगदान तिथेच पूर्ण होते आणि ते कमी प्रतीचे नसते. मराठीला तर अशा नेमक्या तक्रारींची फार गरज आहे. आपण फाँट मोडका दिसला की दुसरा लावतो आणि पुढे जातो.

स्वतः दुरुस्त करायचे असेल तर फोर्क करून स्वतःची प्रत घ्यावी आणि या एकाच कामासाठी वेगळी ब्रँच काढावी. बदल करायचा तो सोर्समध्ये, तयार टीटीएफ फाइलमध्ये नव्हे. तयार फाइल उघडून ठिगळ लावता येते, पण पुढच्या वेळी सोर्समधून फाँट बांधला की ठिगळ नाहीसे होते. लोहितचा सोर्स फाँटफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतो आणि त्याच्या जोडाक्षरांचे नियम साध्या मजकुराच्या फाइलीत आहेत. आपल्या दोषात बहुधा अर्ध्या रूपांच्या नियमांमध्ये ‘ऱ आणि हलंत’ ही जोडी नसते. अर्ध्या ऱचा आकार आधीच काढलेला असेल तर एक ओळ भरते. नसेल तर आकार रेखाटावा लागतो, आणि तो प्रत्येक जाडीसाठी वेगळा.

मग तपासणी. हार्फबझसोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने शब्दाचे चित्र थेट कमांडवर काढता येते, फाँटबेकरी या साधनाने इतर बाबी तपासता येतात. ‘दऱ्या’ नीट झाला म्हणून थांबू नये. ‘आचार्य’मधला रफार, ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह, मात्रा आणि अनुस्वार लागलेले शब्द, हे सगळे पाहावे. नियमांच्या फाइलीत क्रमाला महत्त्व असते. नवी ओळ चुकीच्या जागी पडली तर आजवर नीट चाललेले शब्द मोडतात.

बदल लहान ठेवावा, हा माझा आग्रह. जाता जाता दिसलेली दुसरी चूकही त्यातच दुरुस्त करण्याचा मोह होतो. तसे केल्याने तपासणाऱ्याचे काम दुप्पट होते आणि दोन्ही दुरुस्त्या अडकतात. कमिटच्या संदेशात काय बदलले याबरोबर का बदलले ते लिहावे. पाच वर्षांनी कोणी तो इतिहास चाळेल तेव्हा त्याला कारण हवे असेल.

परवान्याचा प्रश्न इथे पुन्हा येतो, आणि आता आपल्या बाजूने. आपण लिहिलेल्या ओळीवर आपला कॉपीराइट आहे. ती प्रकल्पाने वापरावी यासाठी आपणच परवानगी द्यायची असते. गिटहबच्या अटींप्रमाणे परवाना असलेल्या रिपॉझिटरीत दिलेले योगदान, वेगळा करार नसेल तर, त्याच परवान्याखाली दिले असे धरतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी सहीची ओळ लागते. ‘हे काम माझे आहे किंवा ते देण्याचा मला हक्क आहे’ असे तिने जाहीर होते. ही पद्धत २००४ साली आली, एससीओ कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड असल्याचा दावा करून खटले भरल्यानंतर. काही कंपन्यांचे प्रकल्प याहून पुढे जाऊन सीएलए हा करार करून घेतात. तो नीट वाचावा. काही करारांत कंपनीला आपले योगदान उद्या वेगळ्या, बंद परवान्याखालीही देण्याची मुभा असते. ते मान्य असेल तरच सही करावी.

असा करार न करणाऱ्या हजारो लोकांमुळे काय होते हेही कळलेले बरे. प्रत्येकाच्या ओळी त्याच्याच मालकीच्या राहतात, म्हणून प्रकल्पाला परवाना बदलायचा तर सगळ्यांना विचारावे लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने आपला गाभा जीपीएलवरून त्याहून सैल अशा एलजीपीएलवर नेला तेव्हा जुन्या सहभागींना एकेक करून गाठावे लागले. लिनक्सच्या कर्नलबाबत ते जवळजवळ अशक्य आहे. म्हणूनच त्याचा परवाना कोणा एका कंपनीच्या लहरीने बदलू शकत नाही.

पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच तपासावी. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, असे आपल्या कायद्यात आहे. रात्री घरी लिहिलेला कोडही कंपनीचाच मानणारी कलमे काही कंपन्यांच्या नियुक्तिपत्रात असतात. शंका असल्यास लेखी परवानगी घ्यावी.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, पाठवली की वाट पाहावी. काही प्रकल्पांत दोन दिवसांत उत्तर येते, काहींत दोन महिन्यांनी. मेंटेनर पुष्कळदा हे काम नोकरी सांभाळून, विनामोबदला करतो. तो बारीकसारीक शंका काढतो यालाही कारण आहे. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या प्रकल्पात चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगली योगदाने देऊन, एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले आणि त्या धाग्यावरून सारे उघडकीस आले. तेव्हा रिव्ह्यूमध्ये दहा प्रश्न आले तर दहांना शांतपणे उत्तरे द्यावीत, सुचवलेला बदल त्याच ब्रँचवर करावा आणि मतभेद असेल तर चित्र दाखवून बोलावे.

बदल मर्ज झाल्यावरही ‘दऱ्या’ लगेच सगळीकडे सुधारत नाही. फाँटची नवी आवृत्ती निघावी लागते, ती प्रणालीत जावी लागते आणि फोनवर असेल तर कंपनीचा अपडेट यावा लागतो. आपल्या संगणकावर मात्र नवा फाँट त्याच दिवशी बांधून बसवता येतो, कारण परवान्याने तो हक्क दिलेला आहे.

कोड लिहायचा नसेल तरी मराठीत कामे पडून आहेत आणि तिथेही परवाना आधी पाहावा लागतो. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी वाक्ये आणि आवाज गोळा होतात, तेही सीसीझिरोखाली, म्हणजे हक्क पूर्ण सोडून. तिथे कोणाच्याही पुस्तकातली वाक्ये टाकता येत नाहीत. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन भारतात २०११च्या सुरुवातीपासून मुक्त आहे. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांच्या कादंबऱ्यांतली वाक्ये २०३६ संपेपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाहीत. मराठी विकिपीडियाचा मजकूर मुक्त असला तरी त्याला श्रेय देण्याची आणि त्याच परवान्याखाली पुढे देण्याची अट आहे, म्हणून तोही तिथे जसाच्या तसा ओतता येत नाही. स्वतः रचलेली वाक्ये मात्र हवी तेवढी देता येतात. लिब्रेऑफिसचे मराठी भाषांतर वेबलेटवर चालते, फायरफॉक्सचे पाँटूनवर. खाते उघडून अपुरी राहिलेली वाक्ये पाहावीत आणि आधीच्या लोकांनी कोणते शब्द रुळवले आहेत ते वाचून मग सुरुवात करावी.